गेमिंग लॅपटॉप अभ्यासाला लावताना

सांगलीच्या विश्रामबाग भागात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींच्या टेबलावर आज साधारण ५५ ते ७५ हजार रुपयांचा गेमिंग लॅपटॉप सर्रास दिसतो. घरच्यांनी तो खेळायला म्हणून घेऊन दिलेला नसतो. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, मॅटलॅब, अँड्रॉइड स्टुडिओ यांसारखी जड सॉफ्टवेअर चालली पाहिजेत, यंत्र पदवी मिळेपर्यंत टिकले पाहिजे, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र या किमतीत बहुधा गेमिंगच्याच नावाने मिळते, म्हणून तो घरात येतो. मी अशाच एका लॅपटॉपवर अभियांत्रिकीची चारही वर्षे काढली आणि सध्या माझ्या धाकट्या बहिणीचा लॅपटॉप तिच्या अभ्यासाला लावून देतो आहे. त्या दोन्ही अनुभवांतून जे खात्रीने सांगता येईल तेवढेच येथे लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हे यंत्र कारखान्यातून येते तेव्हा ते भिंतीतल्या विजेवर पूर्ण जोराने चालण्यासाठी लावलेले असते. वर्गात, अभ्यासिकेत आणि एसटीच्या प्रवासात उपयोगी पडेल असे शांत, थंड आणि बॅटरीवर चार-पाच तास टिकणारे यंत्रही त्याच्यातच दडलेले असते; पण ते आपल्याला घडवावे लागते. म्हणून या लॅपटॉपकडे टेबलावरचे एक आणि सॅकमधले दुसरे अशी दोन यंत्रे म्हणून पाहावे, आणि आत्ता यांपैकी कोणते वापरायचे आहे हे प्रत्येक वेळी ठरवून वापरावे.

पहिल्या दोन दिवसांत करायची कामे

खोके उघडल्यावर बिलाचा आणि यंत्राच्या तळावरील अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो काढून तो घरच्यांनाही पाठवून ठेवावा. वॉरंटीची तारीख कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावी, कारण काही वेळा ती बिलाच्या तारखेऐवजी आधीच्या एखाद्या तारखेपासून मोजलेली दिसते आणि बिल दाखवून ती दुरुस्त करून घेण्याची हीच वेळ असते.

त्यानंतरचे काम मात्र फार थोडे जण करतात. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करण्याची सोय) आपोआप चालू होते आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) त्या खात्यात साठवली जाते. पुढे बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, मदरबोर्ड बदलला किंवा लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सोबत टाकण्याचा प्रयत्न केला, तर यंत्र चालू होताना हीच की मागू शकते. माझ्या वर्गातील एका मित्राचे खाते दुकानदाराने स्वतःच उघडून दिले होते, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री निळ्या पडद्यावर ४८ अंकांची मागणी आली. त्याचे दोन सत्रांचे काम परत मिळाले नाही. म्हणून खाते स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या हाताने उघडावे, ती की पाहावी, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढावी आणि ती वही लॅपटॉपच्या सॅकमध्ये ठेवू नये.

यंत्रात ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) असेल तर ती वाढवणे हा या लॅपटॉपवर करता येण्यासारखा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. त्या ८ जीबीतला काही भाग प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी राखला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच जागा हाती राहते, आणि ब्राउझरच्या वीस टॅब व अँड्रॉइड स्टुडिओ एकत्र उघडल्यावर यंत्र अडखळू लागते. रॅमच्या दोन खाचा असतील आणि एकच भरलेली असेल, तर त्याच प्रकारची आणि त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी बसवावी. त्यामुळे जागा दुप्पट होतेच, शिवाय दोन वाटांनी माहितीची ने-आण सुरू झाल्याने आतले साधे ग्राफिक्सही ठळकपणे सुधारते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून विकत घेण्यापूर्वी आपल्या यंत्राचे नेमके मॉडेल पाहावे. झाकण उघडल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, हे कंपनीला लेखी विचारून घेतलेले बरे.

५१२ जीबीची एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे. आजचा एखादा मोठा गेम एकटाच १०० जीबीहून अधिक जागा घेतो. डिस्क काठोकाठ भरली की तिचा वेग मंदावतो, म्हणून पाचवा हिस्सा तरी नेहमी मोकळा ठेवावा.

सॅकमधले यंत्र: बॅटरी, आवाज आणि वजन

अभ्यासिकेत बसणाऱ्यांची पहिली तक्रार बॅटरीची असते. हा प्रश्न आकड्यांत मांडला तर उपाय आपोआप दिसतो. या वर्गातल्या लॅपटॉपची बॅटरी साधारणपणे ५० ते ६० वॉट-तासांची असते. पीडीएफ वाचणे किंवा टंकलेखन करणे या कामाला यंत्र ९-१० वॉट खात असेल, तर ती पाच-सहा तास पुरेल. मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड काहीही काम नसताना नुसते जागे राहिले, तरी ते आणखी जवळपास तेवढीच वीज खाऊ शकते आणि वेळ थेट निम्म्यावर येतो. बॅटरी खराब आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यापैकी अनेकांची अडचण प्रत्यक्षात ही असते.

त्यासाठी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून जीपीयूची (म्हणजे ग्राफिक्स कार्डाची) हालचाल दाखवणारे चिन्ह टास्कबारवर आणून ठेवावे. त्या चिन्हावर टिचकी मारली की ग्राफिक्स कार्डाला कोणता प्रोग्रॅम जागे ठेवतो आहे हे नावानिशी कळते. बहुतेकदा तो ब्राउझर, हलते वॉलपेपर, कीबोर्डचे रंगीत दिवे सांभाळणारे सॉफ्टवेअर किंवा व्हिडिओ कॉलचा अ‍ॅप असतो. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि ग्राफिक्स या क्रमाने जाऊन त्या प्रोग्रॅमसाठी पॉवर सेव्हिंग हा पर्याय निवडावा, आणि सॉलिडवर्क्ससारख्या जड प्रोग्रॅमसाठी हाय परफॉर्मन्स. तेथेच प्रगत डिस्प्लेमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो दर) १४४ हर्ट्झवरून ६० वर आणावा. मजकूर वाचताना फरक जाणवणार नाही आणि थोडी वीज वाचेल.

पंख्याचा आवाज हा केवळ आपला प्रश्न नाही. सांगलीतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागी बसलेली असतात; त्यांच्या शेजारी आपल्या लॅपटॉपने शिट्टीसारखा आवाज काढणे योग्य नव्हे. बहुतेक कंपन्यांनी शांत मोड दिलेला असतो. लेनोवोच्या अनेक यंत्रांत एफएन आणि क्यू, तर आसुसच्या अनेक यंत्रांत एफएन आणि एफ५ या कळा एकत्र दाबून तो बदलता येतो. ज्या यंत्रात पॉवर प्लॅनचे प्रगत पर्याय दिसतात, तेथे बॅटरीवर असताना प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास तो आपल्या मूळ वेगाच्या वर उसळी घेत नाही, तापमान उतरते आणि पंखा बराच वेळ गप्प राहतो. लेखन, वाचन व साधे कोडिंग यांत त्याने काही अडत नाही.

बॅटरीचे आयुष्य हा वेगळा विषय आहे. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत सर्वांत लवकर म्हातारी होते, आणि टेबलावर सदैव चार्जर लावलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. जवळजवळ प्रत्येक कंपनी चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय देते. लेनोवोत ती कॉन्झर्व्हेशन मोड या नावाने आहे, आसुसमध्ये मायआसुस या अ‍ॅपमध्ये आहे, तर काही एचपी यंत्रांत बायोसमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किंवा पुण्याला जायचे असेल तरच आदल्या रात्री ती बंद करून बॅटरी पूर्ण भरावी. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटू लागला किंवा तळ टेबलावर नीट बसेना, तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी, यंत्र त्याच क्षणी बंद करावे, चार्जर लावू नये आणि ते दुरुस्तीला न्यावे. असा लॅपटॉप ‘परीक्षा संपेपर्यंत चालवू’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

वजनाचा विचार खरेदीपूर्वी कोणी करत नाही. यंत्र सव्वादोन किलोच्या आसपास आणि त्याचा चार्जर अर्धा किलो किंवा त्याहून जास्त, त्यात जर्नले आणि पाण्याची बाटली. एसटीत उभ्याने सांगली ते इस्लामपूर हे ओझे खांद्यावर घेतल्यावर त्याची जाणीव होते. यंत्राला टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग घेता येत असेल, तर ६५ वॉटचा छोटा चार्जर सॅकसाठी वेगळा घ्यावा. अभ्यासाच्या वापराला तो पुरतो, खेळाला पुरत नाही. मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्टमध्ये ही सोय असतेच असे नाही, तेव्हा आधी माहितीपत्रक पाहावे.

सॅकमध्ये ठेवण्यापूर्वी झाकण नुसते मिटू नये. स्लीपमध्ये गेलेले यंत्र एखाद्या अपडेटसाठी सॅकमध्येच जागे होते, हवा न मिळाल्याने भट्टीसारखे तापते आणि वर्गात पोहोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते. हायबरनेट (उघडे काम डिस्कवर साठवून बंद) करावे किंवा पूर्ण बंद करावे. एसएसडीमुळे पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

टेबलावरचे यंत्र: उष्णता, धूळ आणि वीज

खेळताना किंवा रेंडरिंग (आराखड्यावरून अंतिम चित्र तयार) करताना प्रोसेसरचे तापमान ९० अंशांच्या पुढे गेलेले पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण असे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपला वेग स्वतःच कमी करून घेतात. परंतु एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत बाहेरचे तापमान ४० अंशांच्या जवळ असते आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पंख्याचा वाराही गरम लागतो. यंत्र आत खेचते ती हवाच तापलेली असेल, तर जड काम पहाटे किंवा रात्री करण्यासारखा दुसरा उपाय नाही. मी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची सारी रेंडरिंग पहाटे पाचला लावत असे.

गादीवर, चादरीवर किंवा उशीवर हे यंत्र कधीही ठेवू नये, कारण बहुतेक यंत्रे तळातून हवा घेतात. मागच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर उंची मिळेल असे लाकडाचे दोन ठोकळे दिले तरी काही अंशांचा फरक पडतो. खेळताना एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट (खेळाची सेकंदाला तयार होणारी चित्रे) ६० वर बांधून टाकावा. ग्राफिक्स कार्ड विनाकारण शंभराच्या पुढे धावत नाही, आणि उष्णता, आवाज व वीज तिन्ही कमी होतात.

आपल्या भागातली धूळही इतरांसारखी नाही. ऊसतोडीच्या हंगामात शेतात पाचट जाळले की काळ्या काजळीचे पापुद्रे उडत गावात येतात, गच्चीवरच्या कपड्यांवर पडतात आणि उघड्या खिडकीतून टेबलावरही. ही हलकी, किंचित चिकट राख पंख्यातून आत जाऊन तांब्याच्या नळ्यांजवळच्या बारीक जाळीवर थर धरते. म्हणून हंगाम संपल्यावर, उन्हाळा चढण्यापूर्वी, साफसफाई करावी. यंत्र बंद करून, चार्जर काढून, ब्लोअरने हवेचे छोटे झोत द्यावेत आणि पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. मोकळा पंखा झोताने अतिवेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. दोन-तीन वर्षांनंतर साफसफाई करूनही तापमान उतरत नसेल, तर जाणकाराकडून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्यावी.

विजेविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण खोली भाड्याची असते आणि वायरिंग जुने असते. लॅपटॉपच्या झाकणाला किंवा धातूच्या भागाला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर बहुधा बोर्डाला अर्थिंग नाही. चार्जरमधील फिल्टरमधून येणारा अगदी बारीक प्रवाह जमिनीत न जाता धातूच्या भागावर जाणवतो. अशा वेळी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे हा उपाय नसून तेच मूळ चूक आहे. घरमालकांना स्पष्ट सांगून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. मोठ्या चार्जरबरोबर कधीकधी १६ अँपिअरचा मोठा प्लग येतो; त्याला चांगल्या प्रतीचे कन्व्हर्टर लावावे, रस्त्यावरचे ढिले कन्व्हर्टर तापते आणि ठिणग्या टाकते.

चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. वळवाच्या पावसाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. आभाळ भरून विजा कडकडू लागल्या की प्लग बोर्डातून काढावा आणि इंटरनेटची केबल लावलेली असेल तर तीही काढावी. नुसते बटण बंद केल्याने संरक्षण होत नाही. लाइट गेल्यावर घरात इन्व्हर्टर असला तरी हा १५०-१८० वॉटचा भार त्याच्यावर टाकू नये. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. इन्व्हर्टर पंखा आणि दिव्यासाठी राहू द्यावा, विशेषतः घरात वृद्ध किंवा लहान मूल असेल तेव्हा.

अभ्यासाचे काम

चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर पदवी स्तरावरची कॅडची (संगणकावर आराखडे काढण्याची) कामे आणि मशीन लर्निंगचे लहान प्रयोग होतात. मोठे मॉडेल शिकवताना मेमरी अपुरी पडल्याचा संदेश आला, तर बॅचचा (एका वेळी मॉडेलला दिल्या जाणाऱ्या नमुन्यांचा) आकार कमी करावा, तरीही जमले नाही तर इंटरनेटवरून गुगलच्या यंत्रांवर कोड चालवणारी गुगल कोलॅबची मोफत सोय वापरावी. मॅटलॅबचा परवाना महाविद्यालयाकडे नसेल तर सायलॅब हे तशाच कामाचे मोफत सॉफ्टवेअर शिकावे. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने त्यासाठी भरपूर मोफत साहित्य तयार केले आहे. चोरीची सॉफ्टवेअर टाकू नयेत. त्यांच्याबरोबर येणारे व्हायरस आपल्याच यंत्रापुरते थांबत नाहीत, पेन ड्राइव्हमधून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतात.

मराठीत अहवाल किंवा अर्ज लिहायचे असतील, तर विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि २०१९ च्या विंडोज १० च्या अद्ययावतापासून मराठी फोनेटिकही आहे. हे युनिकोड असल्याने लिहिलेला मजकूर कोणाच्याही फोनवर नीट दिसतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेले काम दुसऱ्या यंत्रावर अक्षरांची खिचडी होऊन उघडते.

या किमतीतील पडद्यांत रंग फिके असतात. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवू शकतो त्याचे माप) असे लिहिले असेल, तर त्या पडद्यावर पोस्टर किंवा फोटोचे अंतिम रंग ठरवू नयेत, छापण्यापूर्वी ते चांगल्या फोनवर पाहून घ्यावेत. घरी बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडता येतो. अनेक यंत्रांत एचडीएमआय थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेले असते, त्यामुळे तो जोडलेला असताना कार्ड जागेच राहील आणि चार्जर लावावाच लागेल. झाकण नेहमी मधोमध धरून उघडावे. एका कोपऱ्याने सतत उघडल्यास बिजागरीजवळचे प्लॅस्टिक तडकते आणि हा बिघाड महागात जातो.

खेळाविषयी माझे मत स्पष्ट आहे. खेळावे, दिवसभर वर्ग, प्रॅक्टिकल आणि सबमिशन केलेल्या मुलाने रात्री एक तास मित्रांबरोबर खेळण्यात काही गैर नाही. परंतु विंडोजमध्ये अभ्यासासाठी आणि खेळासाठी दोन स्वतंत्र युजर ठेवावेत आणि खेळांचे लाँचर अभ्यासाच्या युजरमध्ये आपोआप सुरू होऊ देऊ नयेत. माझ्या बहिणीच्या यंत्रावर मी हेच केले. ती म्हणाली, “दादा, पासवर्ड टाकून बाहेर पडायचं आणि परत आत यायचं म्हटलं की दहापैकी पाच वेळा मी पुस्तकच उघडते.”

पूर आणि प्रती

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा अनेकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले. लॅपटॉप पुन्हा घेता येतो, प्रबंध आणि घरातले जुने फोटो घेता येत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात: एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. कोडसाठी गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारे साधन) वापरावे आणि रोज रात्री कोड इंटरनेटवर चढवावा. हार्ड डिस्क जमिनीलगतच्या कपाटात न ठेवता वरच्या फळीवर, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून ठेवावी. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी गाठल्याची बातमी आली की शेवटची प्रत घेऊन ती डिस्क आणि रिकव्हरी की लिहिलेली वही घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत टाकावी, आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जरसह, घरातल्या सर्वांत उंच जागी किंवा सोबत न्यायच्या सॅकमध्ये ठेवावा.

यंत्र भिजलेच, तर सुकले का हे पाहण्यासाठी ते चालू करू नये. वीज मिळाल्याबरोबर आतले जोड जळतात. ते बंदच ठेवून तंत्रज्ञाकडे न्यावे आणि एसएसडी आधी बाहेर काढून घेण्यास सांगावे. प्रत घेतली म्हणजे काम झाले असेही समजू नये. महिन्यातून एकदा ती हार्ड डिस्क दुसऱ्याच्या लॅपटॉपला जोडून त्यातली दोन-तीन कागदपत्रे आणि एखादा फोटो प्रत्यक्ष उघडून पाहावा.